आईच्या कपाटातल्या पिशव्या

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस ठरला आणि घरातले सगळे एकमेकांशी अचानक गोड बोलू लागले. कारण उघड होतं. ऑपरेशननंतर काही आठवडे तिला वाकायची मनाई होती आणि हिरव्या कपाटाचं खालचं कुलूप वाकल्याशिवाय उघडत नसे. म्हणजे चावी कोणाच्या तरी हाती जाणार होती. रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायला या, असा निरोप आला तेव्हा जेवण हे निमित्त आहे, हे न कळण्याइतकं या घराण्यात कोणीच भोळं नव्हतं.

धाकटा मात्र वेगळ्याच कामाने निघाला होता. त्याला स्वतःचा पासपोर्ट हवा होता.

धाकटा म्हणजे एक्कावन्न वर्षांचा, केस नावापुरते उरलेला, सरकारच्या विधी खात्यात कायद्यांचे मसुदे लिहिणारा गृहस्थ. घरचे त्याला कौतुकाने वकील म्हणत आणि रागावले की जास्तच कौतुकाने म्हणत. न्यायाधीशापुढे तो आयुष्यात एकदाच उभा राहिला होता, तोही सिग्नल मोडल्याबद्दल, आणि तिथेही त्याने गुन्हा कबूल केला होता.

परदेशात एक परिषद भरणार होती. माणसांच्या व्यापाराविरुद्धचे कायदे अधिक कडक कसे करावेत, यावर निरनिराळ्या देशांचे लोक बोलणार होते. धाकट्याचा विषय होता, मालकाने कामगाराची ओळखपत्रं आपल्या ताब्यात ठेवणं. आणि या विषयावर जगाला चार गोष्टी सांगायला जाण्यासाठी त्याला आईकडे जाऊन, तिचा मूड बघून, स्वतःचा पासपोर्ट मागावा लागणार होता. हे त्याच्या नीट लक्षात आलं ते बसमध्ये. तो एकटाच मोठ्याने हसला. शेजारच्या बाईंनी आपली पर्स पलीकडच्या मांडीवर घेतली.

त्याच्या बॅगेत मसुदाही होता. जुन्या कायद्याची अडचण अशी होती की, माणसाला डांबून ठेवलं हे सिद्ध करायला कुलूप दाखवावं लागे, नाहीतर मारहाणीचे वळ. समितीपुढे मासळी साफ करणाऱ्या एका शेडमधल्या बायकांच्या साक्षी झाल्या होत्या. तिथे दाराला कुलूप नव्हतं, कोणी हात उगारला नव्हता. फक्त सगळ्यांची ओळखपत्रं मालकाच्या तिजोरीत होती, 'सुरक्षित राहावीत म्हणून'. आणि ओळखपत्राशिवाय त्या बायका कुठे जाणार होत्या? मालक सुटला, कारण बायकांनी कागद आपल्या हातांनी दिले होते. ती साक्ष धाकट्याने स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली होती आणि मग डबा खाल्ला होता. नव्या कलम नऊमध्ये म्हणूनच लिहिलं होतं की, दुसऱ्याची कागदपत्रं ताब्यात ठेवणं हाच गुन्हा, मग ती कोणत्याही कारणाने ठेवलेली असोत.

पण गुरुवारी दादाचा फोन आला होता. दादा त्याचा थोरला भाऊ, घरची लाँड्री चालवणारा आणि शहरातल्या लाँड्रीमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष. नव्या कलमाची संघटनेला चिंता पडली होती. "एक छोटंसं वाक्य टाक ना रे," दादा म्हणाला होता, "तुझ्यासारख्याला काय अवघड आहे?" या 'तुझ्यासारख्याला' वर धाकटा आयुष्यभर फसत आला होता. त्याने कलमाखाली एक परंतुक जोडलं: परंतु, संबंधित व्यक्तीच्या संमतीने व केवळ सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या कागदपत्रांना हे कलम लागू होणार नाही. वाक्य इतकं सुबक झालं होतं की, त्याने ते स्वतःशीच दोनदा वाचलं. सोमवारी सकाळी मसुदा सचिवांकडे जायचा होता.

लाँड्री खाली, घर वर. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी इथे धुतल्या जात. जिना चढताना पायाखाली यंत्रांची थरथर लागे आणि नाकात खळ आणि वाफ शिरे. मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या होत्या. वडील होते त्या काळात एकदा त्या खोल्यांना आग लागली. माणसं वाचली, पण प्रत्येकाचे कागद जळले. नवे कागद मिळवून द्यायला वडील वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते. त्यानंतर त्यांनी आगीत न जळणारं हिरवं पोलादी कपाट आणलं आणि नियम केला: इथे जो येईल त्याचे कागद या कपाटात. कामगाराचे आणि घरच्यांचे, एकाच फळीवर. आपपरभाव नाही. लाँड्रीवाल्यांचं घर, म्हणून प्रत्येकाचे कागद कापडी पिशवीत, आणि पिशवीच्या कोपऱ्यावर लाल धाग्याने टाके घालून खूण, जशी गिऱ्हाइकाच्या चादरीवर घालतात तशी. खुणा आई घालायची. घरात नवी सून आली की दुसऱ्या दिवशी तिची पिशवी शिवून तयार असे.

धाकट्याच्या बायकोने मात्र त्याच संध्याकाळी आपले कागद पिशवीसकट उचलून स्वतःच्या दातांच्या दवाखान्यात नेऊन ठेवले होते. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली, तरी घरात तो विषय अजून ओला होता. आजही ती आली नव्हती. "मी आले तर आत्याबाई मला कवळी दाखवतील आणि फुकट दाखवतील," एवढंच तिने सांगितलं होतं.

जेवताना पहिला वार आत्यानेच केला. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, लाँड्रीत हिस्सेदार आणि मतांत पूर्ण मालक.

"चावी माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "भावाने मला हिस्सा दिलाय, तो काय नुसता साबण मोजायला?"

"तू ठेवशील कुठे?" दादा म्हणाला. "तुला तुझी कवळी सापडत नाही."

"कवळी हरवली तर माझीच हरवते. तुझ्याकडे काही मागितलं की महिनाअखेर होते."

"आई, ही बघ काय बोलते."

आई शांतपणे जेवत होती. चष्म्याची डबी तिच्या ताटाशेजारी होती. चावी त्या डबीत असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे वाढताना प्रत्येकाची नजर डबीवरून फिरून येत होती. एकटी वहिनी खाली बघत होती. दादाची बायको ती. गेली कित्येक वर्षं हॉटेलांचे हिशेब, कामगारांच्या पाळ्या, बंद पडलेली यंत्रं, सगळं तीच बघायची आणि सही दादा करायचा. ती कोणाच्या बाजूने आहे हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, कारण ती वाढण्याच्या बाजूला असे.

आता सगळे थोडे दमले आहेत, हीच वेळ, असं धाकट्याला वाटलं. चुकीची वेळ निवडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"आई, मला जरा माझा पासपोर्ट हवा होता."

आईने मान वर केली. "कशाला?"

"परदेशात एक परिषद आहे. बोलायचंय."

"किती दिवसांसाठी?"

"चार दिवस. प्रवास धरून सहा."

"परत आणून देशील ना? मागच्या खेपेला छत्री नेलीस ती गेलीच."

आत्या आणि दादा आयुष्यात प्रथमच एकत्र हसले. धाकटाही हसला, अगदी मनापासून. आपण सरकारचे मसुदाकार, आपल्या स्वल्पविरामावर खटले हरले-जिंकले जातात, आणि इथे आपण छत्रीचा आरोपी. त्याला ते आवडतही असे. या घरात आलं की वय पायऱ्यांवरच राहायचं.

"देईन गं आणून," तो म्हणाला.

"मग ऑपरेशन झालं की बघू."

"परिषद त्याच्या आधी आहे."

"मग पुढच्या परिषदेला जा," आई म्हणाली आणि पुन्हा सगळे हसले.

हसणं ओसरत होतं तेव्हा दारात रोलरवाली उभी दिसली. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर ती काम करायची, म्हणून तिला सगळे त्याच नावाने हाक मारत. हात पुसत आली होती, तरी मनगटापर्यंत वाफेने लाल झालेले होते.

"मोठ्या बाई, माझं कार्ड द्या," ती म्हणाली. "मागे दोनदा मागितलं होतं."

"कशाला?" आईने विचारलं.

"बहिणीच्या गावी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय. उद्या कार्ड दाखवायचंय. संध्याकाळची गाडी आहे."

"किती दिवसांसाठी?"

"आता तिकडेच राहणार."

पुढचा प्रश्न आईच्या ओठांवर तयारच होता, इतक्या वर्षांच्या सवयीने तो बाहेरही आला. "मग परत आणून कसं देशील?"

तोच आवाज होता. तीच माया, तोच क्रम. धाकट्याने हातातला घास खाली ठेवला. रोलरवाली हसली नाही. तिला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं, आणि दिसावं तरी कुठून.

"हे बघ," दादा तिला म्हणाला, "हॉटेलांचा हंगाम चालू आहे. रोलरवर दुसरं कोणी नाही. महिनाअखेर बघू. कार्ड तू तुझ्या हाताने दिलंस ना?"

"हो, दिलं."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नाही साहेब."

"मग झालं तर."

"मग आता द्या," ती म्हणाली.

दादा धाकट्याकडे वळला. तो खूश होता. "ऐकलंस ना, वकील? संमती. सुरक्षितता. अगदी तुझ्या वाक्यात बसतंय बघ."

बसत होतं. धाकट्याला ते नाकारता येईना. त्याने इतक्या काळजीने शिवलेलं वाक्य त्या बाईच्या अंगाला तंतोतंत बसत होतं, आणि मासळीच्या शेडच्या मालकालाही बसलं असतं. अशा वेळी माणसाने काहीतरी बोलावं. धाकटा पाणी प्यायला.

"संध्याकाळी बघू," दादाने तिला सांगितलं. "जा, रोलर गरम आहे."

ती गेली नाही. दारातून निघून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून तिचा खांदा दिसत होता.

"चावी मला द्या," वहिनी म्हणाली.

कोणाला आधी कळलंच नाही की आवाज कुठून आला. मग आत्याने डोळे बारीक केले. "तुला? तू काय करणार चावीचं?"

"उघडणार."

"अगं, उघडायला आम्ही मेलोय का?" दादा म्हणाला. दोन मिनिटांपूर्वी एकमेकांची कवळी आणि महिनाअखेर काढणारे आत्या-भाचे आता एका बाकावर येऊन बसले. "आत्याकडे राहू दे चावी. नाहीतरी घरातली मोठी तीच."

वहिनीने ताटाची कड पुसल्यासारखी बोटाने धरली. "माझा पासपोर्ट पण त्यात आहे. माझ्या बहिणीला मूल झालं तेव्हा मला जायचं होतं. आई, मी तुम्हाला मागितला होता. आठवतं?"

"मी नाही म्हटलं होतं का?" आई म्हणाली. ती खरंच दुखावली होती. "मी आजपर्यंत कोणाला नाही म्हटलं?"

"नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तुम्ही विचारलंत, कशाला. मी सांगितलं. किती दिवस. तेही सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, चादरींची मोठी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. ऑर्डर गेली. दुसरी आली. पासपोर्टची मुदत कपाटातच संपली. तिचं मूल आता कॉलेजात जातं. मी त्याला अजून फोनवरच बघते."

दादा म्हणाला, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुमचा पण त्यातच आहे," वहिनी म्हणाली. "तुम्ही काय करणार होता?"

वहिनी धाकट्याला भावजी म्हणायची, तो घरी आला की न विचारता त्याच्या चहात साखर कमी घालायची, आणि कलम नऊसाठी देशभरातून साक्षी गोळा करताना आपल्याच घरातल्या या साक्षीदाराला विचारावं हे त्याला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्याने तर वळसा घालायला सरकारी भत्ता घेतला होता. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर तो जे नेहमी करायचा तेच त्याने केलं. त्याने बॅगेतून कागद काढले.

"वहिनी, पेन आहे?"

वहिनीने हिशेबाचं पेन दिलं. धाकट्याने ताट बाजूला सारलं, मसुद्याचं पान उघडलं आणि परंतुकावर रेघ मारली. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून पुन्हा मारली.

"काय केलंस?" दादाने विचारलं.

"तुझं वाक्य काढलं."

"मी संघटनेला शब्द दिलाय."

"मी पण तुला दिला होता."

"अरे, स्वतःच्या घरावर कायदा चालवतोस? उद्या पोलीस आले तर पहिल्यांदा कोणाला धरतील? मला. नंतर आईला. आईला धरतील, कळतंय का?"

आईचे धुरकट डोळे त्याच्याकडे वळले. "म्हणजे मी गुन्हेगार?"

धाकट्याला आयुष्यात इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि समोर सचिवही नव्हते की पुढची तारीख मागावी. "तसं नाही आई," तो म्हणाला. "कायदा पूर्वलक्षी नसतो."

"मराठीत सांग."

"म्हणजे आधी झालं ते माफ."

"आणि आत्ताचं?"

"अजून मंजूर व्हायचाय. समिती आहे, सभागृह आहे, चर्चा..."

"मी ते विचारत नाही," आई म्हणाली. "ती पायरीवर बसलीय, तिचं विचारते."

खालून यंत्रांची थरथर येत होती, टेबलावरचे पेले किंचित वाजत होते. धाकट्याला एकदा वाटलं की आपण समजावून सांगावं, तुझा हेतू चांगला होता, बाबांचा तर फारच चांगला होता, आग खरी होती. पण ते सगळं त्या खोडलेल्या वाक्यात होतंच की. तो म्हणाला, "मी पासपोर्ट मागितला तेव्हा मला हसू आलं. मला माहीत होतं, नाही दिलास तरी माझं काय बिघडतंय, मी बसने घरी जाईन. ती मागायला आली तेव्हा तिची गाडी होती. प्रश्न तेच होते, आई. तिने काय उत्तर दिलं असतं तर तू कार्ड दिलं असतंस?"

आईने चष्म्याची डबी उघडली, चावी काढली आणि उठली. आत्याने हात पुढे केला, दादाने केला. आई दोघांच्या मधून आपल्या खोलीत गेली.

सगळे मागोमाग गेले. ती कपाटापुढे वाकली, कुलूप उघडलं आणि खालच्या फळीवरच्या पिशव्या चाचपू लागली. दिवा लावायला वहिनी पुढे झाली तर ती म्हणाली, "नको, उपयोग नाही." तिला दिसत नव्हतंच. लाल टाक्यांवरून ती अंगठा फिरवत होती. एक पिशवी बाजूला, दुसरी बाजूला. तिसरीवर अंगठा थांबला.

"तिला आत बोलाव."

रोलरवाली आत आली. आईने पिशवी तिच्या हातात दिली, या वेळी काही न विचारता. रोलरवालीने कार्ड काढून बघितलं, ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि पिशवी परत पुढे केली. "पिशवी तुमची."

"असू दे," आई म्हणाली. "टाके मी घातलेत, पण खूण तुझी आहे."

"नको बाई," ती म्हणाली. पिशवी तिने पलंगाच्या कडेवर नीट घडी करून ठेवली, इस्त्री करणाऱ्याची घडी, आणि जिना उतरून गेली. दादा खिडकीशी गेला. रोलर आता कोण चालवणार, हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतःलाच विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा शर्टाच्या बाह्या वर करत तो स्वतःच खाली गेला.

आई चाचपत राहिली. वहिनीची खूण तिला लगेच सापडली. ती पिशवी तिने दोन्ही हातांनी दिली. वहिनीने पासपोर्ट उघडून स्वतःचा जुना फोटो बघितला. "केवढे केस होते," ती म्हणाली आणि तिथेच, कपाटाच्या दाराला टेकून, रडली. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि दुसऱ्या हाताने आपली पिशवी शोधत राहिली.

"बाकीच्या पिशव्या संध्याकाळी पाळी सुटली की वाटू," आई म्हणाली. "मी देईन, कोणी मागायची वाट बघणार नाही. आणि ही तुझी."

धाकट्याने पिशवी उघडली. पासपोर्ट कोरा करकरीत होता. त्याने मुदत बघितली. मग चष्मा लावून पुन्हा बघितली. ती संपून दोन वर्षं होऊन गेली होती.

तो पलंगावर बसला आणि हसत सुटला. परिषद गेली. कागदपत्रं दुसऱ्याच्या ताब्यात राहिली तर काय होतं, यावर जगाला सांगायला चाललेल्या विद्वानाचा पासपोर्ट आईच्या कपाटात आपल्या मरणाने मेला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. भाषणात घालायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं, फक्त आता भाषण नव्हतं. वहिनी रडता रडता हसू लागली. "भावजी, आपण दोघं बरोबर नवा काढू," ती म्हणाली.

"काढू," तो म्हणाला. मग उठला आणि कपाट बंद करणाऱ्या आईपुढे त्याने तो मेलेला पासपोर्ट सहज धरला, जसा माणूस घरात आल्यावर छत्री कोपऱ्यात ठेवतो. "तुझ्याकडेच असू दे आई. माझ्याकडून हरवेल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो.

आईने हात पुढे केला नाही. धुरकट डोळ्यांनी ती त्याच्या चेहऱ्याच्या अंदाजाने बघत होती.

"कशाला?" तिने विचारलं. "किती दिवसांसाठी?"

पासपोर्ट त्याने तसाच पुढे धरला होता.

"आणि परत मागशील ना?"